थप्पीतली खालची चांदणी बसत नाही : स्क्रोल सॉच्या तिरक्या कापाचा शोध

सण तोंडावर आला की माझ्याकडे येणारी तक्रार ठरलेली असते. प्लायचे सहा तुकडे एकावर एक चिकटवून स्क्रोल सॉवर (बारीक पातं वर-खाली करत लाकडात नक्षी कापणारं मशीन) चांदण्या कापल्या. वरच्या दोन झकास, मधल्या दोन चालवून घेण्यासारख्या, आणि खालच्या दोन एकमेकींत बसायलाच तयार नाहीत. ‘मशीन गेलं वाटतं,’ म्हणत माणूस ती चांदणी पुढे करतो. मशीन बहुधा गेलेलं नसतं. पातं टेबलाशी काटकोनात चालत नसतं, एवढंच. ते का चालत नाही याची कारणं सात-आठच आहेत, आणि माझ्या व इतरांच्या मशीनवर ती इतक्यांदा शोधून झाली आहेत की शोधायचा क्रमही आता ठरून गेलाय. तोच इथे देतोय. आधी फुकटातले उपाय, मग थोड्या खर्चाचे, आणि शेवटी जिथे आपण हात लावू नये ते.

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी तीच चाचणी घ्या. ताण वाढवला, पातं बदललं, टेबलही हलवलं आणि दोष गेला, तर तो कशानं गेला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण थप्पीत दिसतं. ३ मिमीच्या सहा तुकड्यांची थप्पी म्हणजे १८ मिमी जाडी. पातं फक्त एका अंशानं कललेलं असेल तर वरून खाली येईपर्यंत काप सुमारे ०.३ मिमी सरकतो. ऐकायला काहीच नाही. पण दोन चपट्या आकृत्या खाचेत खाच घालून उभी चांदणी करायची असते, तेव्हा ती खाच कापताना आपण एका बाजूनं आत जातो, वळतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो. लाकूड अर्धा फेरा फिरल्यामुळे खाचेच्या दोन भिंती उलट दिशांना कलतात. वर ३ मिमी असलेली खाच तळाशी २.४ मिमी होते, किंवा ३.६. पहिली बसत नाही, दुसरी खुळखुळते.

दुसरं लक्षण आतल्या कापाचं. नक्षीच्या मधला तुकडा कापून मोकळा केला तरी तो एकाच बाजूनं निघतो, दुसऱ्या बाजूनं ढकलला तर अडकतो. कोडं कापून भेट देणाऱ्यांना हे लगेच कळतं, कारण घेणारा माणूस तुकडा वरून उचलायला जातो आणि तो येतच नाही.

चौकोनी काठीच्या दोन बाजूंवर नक्षी चिकटवून चारही अंगांनी दिसणारं लटकन कापणाऱ्यांचे हाल सर्वांत जास्त. ३८ मिमी जाडीत तोच एक अंश ०.६ मिमीहून जास्त होतो. पहिल्या बाजूचा काप संपवून काठी टेपनं पुन्हा बांधायची, नव्वद अंशांत वळवून दुसरी बाजू कापायची, आणि शेवटी आतली आकृती काही केल्या बाहेर सरकत नाही. नावाच्या पाटीत हीच गोष्ट अक्षरांच्या बारीक दांड्यांवर दिसते : पुढून जाड, मागून सुतासारख्या.

आता काही लक्षणं याच घरातली वाटतात, पण नसतात. पातं सतत रेषेच्या एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, पळत असेल तर तो तिरका काप नव्हे. बहुतेक पात्यांच्या एका अंगाला बनवतानाच बारीक कंगोरा राहतो, ते अंग जास्त धारदार असतं आणि पातं तिकडे ओढ घेतं. रेषा अगदी नाकासमोर सरळ न ठेवता लाकूड किंचित तिरकं धरून ढकला. पातं ज्या कोनात रेषेवर राहतं तो कोन दोन मिनिटांत हाताला सापडतो. तळाला कुसळं निघणं हा दातांच्या प्रकाराचा प्रश्न आहे, शेवटचे काही दात उलटे असलेलं पातं लावलं की तो बराचसा मिटतो. कड तपकिरी होणं म्हणजे पातं बोथट किंवा वेग जास्त. या तिन्हींसाठी टेबलाला हात लावू नका.

चकतीची चाचणी

दुरुस्तीआधी दोष मोजायची एक सोय करून घ्या. १८–२० मिमी जाडीचा भंगार लाकडाचा तुकडा घ्या आणि त्यावर साधारण ३० मिमी व्यासाची दोन वर्तुळं काढा. कडेनंच आत शिरून पहिलं वर्तुळ असं कापा की चकती पात्याच्या डावीकडे राहील, दुसरं असं की ती उजवीकडे राहील. सावकाश, नेहमीच्या पात्यानं, नेहमीच्या वेगात. मग प्रत्येक चकती तिच्या भोकातून वरून आणि खालून ढकलून बघा.

दोन्ही चकत्या दोन्ही बाजूंनी सहज सरकल्या तर मशीन ठीक आहे, दोष थप्पीत शोधा. एक चकती फक्त वरून आणि दुसरी फक्त खालून निघाली, तर पातं किंवा टेबल कुठल्यातरी एका दिशेला कललंय. दोन्ही चकत्या एकाच बाजूनं निघाल्या तर माझा पहिला संशय हातावर जातो, कारण टेबलाचा कल वळायची दिशा बदलली की उलटतो, वळताना बाहेर रेटायची सवय उलटत नाही. आणि चकती दोन्हीकडे अडकत असेल, कडेला बोट फिरवल्यावर मध्ये पोट जाणवत असेल, तर पातं लाकडात वाकतंय. (एकाच हातानं कायम एकाच बाजूला रेटणाऱ्यांची चकती टेबलाच्या दोषासारखी दिसते. म्हणून हाताची तपासणी कुणीही चुकवू नये.)

चकत्यांवर पेन्सिलनं ‘वर’ आणि ‘पुढे’ लिहून ठेवा. शेवटी उपयोगी पडतील.

यापुढे पात्याला, टेबलाला किंवा पातं धरणाऱ्या पकडीला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पायानं चालणारा स्विच असेल तर अजिबातच नाही, कारण वाकून बघताना पाय त्यावर पडतोच.

१. टेबलावर काय पडलंय, थप्पी डुलते का

फुकट आणि अर्ध्या मिनिटाचं काम. थप्पीखाली अडकलेला एक छिलपा, उलटलेली टेपची कड, ड्रिलनं भोक पाडताना तळाला उठलेला टवका, एवढ्यानंही लाकूड एका बाजूला उचललं जातं. टेबलाच्या मधली, पातं जिच्यातून जातं ती बसवलेली चकती वर आलेली नाही ना ते बोटानं बघा. आत बसली असेल तर बारीक काम तिच्या खड्ड्यात डुलतं. मग थप्पी टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबा. टकटक वाजली तर प्लाय वाकलेलं आहे, आणि वाकलेल्या प्लायला कुठलंच मशीन काटकोनात कापत नाही.

याच टप्प्यावर थप्पीचे थर सरकतात का तेही पाहा. कापायच्या आधी प्रत्येक थराच्या टाकाऊ कोपऱ्यावर १ ते ६ आकडे घाला. कापल्यावर आकार थरागणिक हळूहळू बदलत गेला असेल तर काप तिरका आहे. चौथ्यापर्यंत सगळं सारखं आणि पाचव्यापासून एकदम उडी असेल तर थर घसरलेत. मी डबल टेप फक्त टाकाऊ भागात लावतो, कडेला चारही बाजूंनी मास्किंग टेप गुंडाळतो, आणि मोठ्या थप्पीत टाकाऊ भागात दोन-तीन बारीक खिळे ठोकतो. त्यांची टोकं तळातून बाहेर येता कामा नयेत, नाहीतर टेबलावर चरे आणि थप्पी पुन्हा डुलायला मोकळी. कापायचा क्रमही सांगून ठेवतो : आतली जाळी आधी, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी मोकळी केली तर थरांना धरून ठेवणारा टाकाऊ भागच हातात उरत नाही.

२. टेबल काटकोनात आहे का

दहातले निम्मे दोष इथेच संपतात. टेबलाखालचा आकड्यांचा काटा शून्यावर आहे म्हणजे टेबल काटकोनात आहे, असं समजू नका. तो काटा अंदाजापुरता असतो, आणि धक्का लागला, स्क्रू ढिला झाला की तोही सरकतो.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. एकदा डबीच्या झाकणात दुसऱ्या रंगाच्या लाकडाचं पान बसवायचं होतं. त्या कामाला टेबल मुद्दामच तीनेक अंश कलवावं लागतं, म्हणजे वरचा तुकडा खालच्यात बुचासारखा घट्ट बसतो. पान सुरेख बसलं. मग मी काट्याकडे बघून टेबल शून्यावर आणलं आणि चांदण्यांच्या मागे लागलो. दोन थप्प्या वाया गेल्या. पात्यांना शिव्या घालत नवं पाकीट फोडलं, ताण वाढवून दोन पाती तोडली, आणि मग कधीतरी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) काढला. टेबल दीड अंश कललेलं होतं. काटा शून्यावरच होता, हसत.

गुण्या लहान हवा, ५०–७५ मिमी उंचीचा. मोठा मशीनच्या वरच्या हाताला (पात्याचं वरचं टोक धरणाऱ्या लांब दांड्याला) आपटतो. पात्याला नेहमीचा ताण द्या, कारण ढिलं पातं खोटं माप दाखवतं. गुण्याची उभी कड पात्याच्या सपाट अंगाला लावा, दातांना टेकू देऊ नका. मागून टॉर्च धरा. प्रकाशाची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली की झालं. वर किंवा खाली निमुळती होत असेल तर टेबलाची चावी ढिली करून जुळवा, आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा बघा. आवळतानाच टेबल सरकतं, ही जुनी खोड आहे.

गुण्या नसेल, किंवा त्याच्यावरही विश्वास नसेल (खाली पडलेल्या गुण्यावर मी ठेवत नाही), तर लाकडालाच विचारा. ४०–५० मिमी उंच, कड सरळ असलेला तुकडा घ्या. त्याच्या कडेला फक्त २–३ मिमी खोल चीर पाडा आणि मशीन बंद करा. आता तो तुकडा टेबलावर तसाच सपाट ठेवून अर्धा फेरा फिरवा, पात्याच्या मागे न्या आणि ती चीर मागच्या बाजूनं पात्यावर सरकवा. चिरेत पातं वरपासून खालपर्यंत अलगद शिरलं तर टेबल काटकोनात आहे. वर शिरतंय आणि खाली अडतंय, किंवा उलट, तर नाही. यात गंमत अशी की फेरा फिरवल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते. अर्ध्या अंशाचा कल एका अंशासारखा डोळ्यांत भरतो. म्हणून बारीक जुळणीला मला गुण्यापेक्षा ही चीरच जास्त पटते.

पातं पुढे-मागे किंचित कललेलं दिसलं तर घाबरू नका. तो बऱ्याच मशीनांच्या रचनेचाच भाग असतो आणि त्यानं भिंती तिरक्या होत नाहीत. आपल्याला फक्त डावी-उजवी बाजू बघायची आहे.

३. ताण

ढिल्या पात्याचं पोट सुटतं. लाकडाच्या वर आणि खाली ते पकडीत असतं, मध्ये त्याला कुणी धरलेलं नसतं, त्यामुळे वळणावर मधला भाग मागे राहतो आणि बाजूलाही झुकतो. चकतीला पोट आलं असेल तर इथूनच सुरुवात करा.

प्लग काढून पात्याला बोटाच्या टोकानं तंबोऱ्याच्या तारेसारखं छेडा. स्वच्छ, उंच ‘टिंग’ आलं तर ताण ठीक. ‘थप्’ आलं तर ढिलं. कानावर भरवसा नसेल तर मधोमध बाजूनं हलकं दाबून बघा. ३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. नवं पातं पहिल्या काही मिनिटांत तापतं आणि थोडं ताणलं जातं, म्हणून पाच मिनिटं कापल्यावर पुन्हा एकदा छेडायचं. बहुतेक जण हे विसरतात. अतीही करू नका : पातं सारखं पकडीपाशीच तुटत असेल तर ताण जास्त झाला असण्याची शक्यता मोठी.

४. पातं

आता खर्च सुरू, पण एका पात्याचाच. बोथट पातं कापत नाही म्हणून आपण रेटतो, रेटल्यावर ते वाकतं, आणि वाकलेल्या पात्याचा काप तिरका येतो. लोकांना पातं तुटेपर्यंत वापरायची सवय असते. कठीण लाकडाच्या १८ मिमी थप्पीत माझं पातं पंधरा-वीस मिनिटं नीट चालतं, त्यापुढे ते फक्त फिरतं. प्लायमधला डिंक धार आणखी लवकर खातो. आपण नकळत जोर लावायला लागलो, हे बोथटपणाचं पहिलं चिन्ह. धूर आणि जळका वास फार नंतर येतात. नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावली तर पातं कमी तापतं आणि थोडं जास्त टिकतं.

पात्याच्या आकाराचा नंबर चुकलेला असतो तो वेगळाच. २ नंबरचं पातं एकेरी ३–६ मिमी प्लायच्या नाजूक जाळीसाठी उत्तम, पण १८ मिमी थप्पीत ते दोऱ्यासारखं भरकटतं. थप्पीला ५ नंबर घ्या, साधारण १ मिमी रुंद आणि ०.४ मिमी जाड. ३८ मिमी काठीला ७. फार बारीक वळणं हवीत म्हणून पातळ पातं लावायचं असेल तर थप्पी सहाऐवजी तिनाची करा. वेळ दुप्पट लागतो, पण सहाच्या सहा चांदण्या हातात येतात.

पातं उलटं बसलंय का तेही बघा. दात तुमच्याकडे तोंड करून आणि खाली टोक करून हवेत. बारीक पात्यावर डोळ्याला कळत नाही; कापडाचा तुकडा दातांवरून वर ओढला की अडकतो आणि खाली ओढला की सुटतो, तर बरोबर. उलट्या दातांचं पातं असेल तर ही खूण मधल्या दातांवर घ्या, तळाच्या नव्हे. उलटं बसलेलं पातं लाकूड उचलून आपटत राहतं आणि मग हात आपोआप वेडावाकडा दाबायला लागतो.

५. आपला हात

हा उपाय फुकटातला, तरी पाचवा ठेवलाय, कारण बोथट पातं आणि कललं टेबल असताना हाताची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे. आता मात्र घ्या.

एखादं लांब वळण कापताना मध्येच ढकलणं थांबवा, मशीन बंद करा, पातं थांबू द्या आणि मग लाकूड अलगद सोडून द्या. लाकूड जागीच राहिलं तर हात चांगला आहे. ते आपोआप बाजूला सरकलं, तर तेवढा वेळ तुम्ही पातं वाकवून कापत होता. सोडल्यावर पात्यानं स्वतःला सरळ करून घेतलं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा थप्पी चांगली दोन मिमी डावीकडे सरकली होती. मला वाटायचं माझा हात हलका आहे.

रेषा सुटली की आपण लाकूड बाजूला रेटून ती परत गाठायला बघतो. पात्याला पुढेच दात आहेत, बाजूला नाहीत. रेषेवर यायचं तर लाकूड फिरवायचं, सरकवायचं नाही. बोटं लाकडाला खाली टेकवून ठेवतात, पुढे ढकलणं अगदी जेमतेम. चांदणीच्या टोकाशी आल्यावर पुढे ढकलणं पूर्ण थांबवा, दातांवरचा दाब काढा, लाकूड जागच्या जागी फिरवा आणि मगच पुढे चला. वेग कमी-जास्त होणारं मशीन असेल तर टोकांच्या भागात वेग कमी ठेवा, विचार करायला वेळ मिळतो.

खुर्चीची उंचीही एकदा बघा. टेबल छातीच्या जवळ आलं की कोपरं वर होतात आणि उजवा हात नकळत डावीकडे रेटतो.

६. पकड

नवी पाती गंजू नयेत म्हणून त्यांना तेलाचा हात असतो. ते तेल पकडीत उतरलं की पातं कापताना हळूच सरकतं, ताण उतरतो, आणि तुम्ही तिसऱ्या उपायाशी परत येता. पात्याची दोन्ही टोकं कोरड्या फडक्यानं पुसा, बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासा. पकडीच्या स्क्रूचं टोक वापरून काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर तेही घासून खरखरीत करा. पातं पकडीत पूर्ण आत आणि सरळ बसलंय ना पाहा. तिरपं बसलेलं पातं टिंग आवाज देतं, पण कललेलंच चालतं.

यानंतरची तपासणी फार कमी लोक करतात. प्लग काढलेला आहे ना, पुन्हा बघा. गुण्या पात्याच्या अंगाला लावून ठेवा आणि मशीन हातानं सावकाश फिरवून पातं पूर्ण वर, पूर्ण खाली न्या. गुण्या आणि पातं यांच्यातली फट सगळ्या फेऱ्यात सारखी राहायला हवी. ती उघडझाप करत असेल तर वरची आणि खालची पकड एका ओळंब्यात नाहीत. कललेलं पातं वर-खाली होताना चीर रुंद करत जातं, आणि अशा वेळी टेबल कितीही जुळवलं तरी भागत नाही, कारण पातंच एका जागी उभं नाही. काही मशीनांच्या पकडीला दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात. एक पाव फेरा ढिला, समोरचा पाव फेरा घट्ट, असं करत पातं मधोमध आणता येतं. मशीनच्या पुस्तकात ही जुळणी दिलेली असेल तरच करा. दिलेली नसेल तर पुढे वाचा.

७. मशीनचा हात आणि बुशिंग

पात्याचा ताण उतरवा, पातं काढा. वरच्या लांब हाताचं पुढचं टोक दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकं हलवा. एवढ्या लांब हाताला थोडी लचक असतेच. पण ‘टक्’ असा आवाज येऊन हात जागचा हलला, तर जोडातलं बुशिंग (हात ज्यात फिरतो ती नळी) किंवा बेअरिंग झिजलंय. चालू मशीनमध्ये नवीन ठकठक ऐकू येणं, तळहात टेबलावर ठेवल्यावर पूर्वीपेक्षा जास्त थरथर जाणवणं, ही त्याचीच भावंडं. फक्त थरथर असेल तर आधी मशीन स्टँडला ज्या बोल्टनं जोडलंय ते आवळून बघा. त्यातच ती थांबली तर सुटलात.

इथे थांबा आणि कारागिराला बोलवा

हात टक् करून हलतो, हाताला किंवा त्याच्या जोडाला तडा दिसतो, वरची-खालची पकड ओळंब्यात नाही आणि जुळवायची सोयही नाही : या तिन्हींत मशीन उघडावं लागतं. बुशिंग बदलायला ती जागेवरून दाबून काढावी आणि दाबून बसवावी लागतात. हातोडीनं ठोकून बसवलेलं बुशिंग वाकडं बसतं आणि हात कायमचा बाद होतो. मशीनची वॉरंटी शिल्लक असेल तर एकही आतला स्क्रू हलवू नका.

विजेच्या बाबतीत माझं मत आणखी कडक आहे. धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, मोटर गुणगुणून न फिरणं, जळका वास, वेग आपोआप वर-खाली होणं, चालू केलं की घरातला स्विच पडणं. यातलं एकही दिसलं की प्लग काढायचा आणि तो कारागीर येईपर्यंत परत लावायचा नाही. वेग बदलणाऱ्या मशीनचा डबा ‘जरा बघतो’ म्हणून उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते.

कारागिराकडे जाताना त्या दोन चकत्या आणि त्यांचं भोकं पडलेलं लाकूड बरोबर न्या. ‘काप वाकडा येतो’ म्हटलं तर तो नवं पातं लावून एक सरळ रेघ कापून दाखवेल आणि मशीन परत देईल. ‘वर’ आणि ‘पुढे’ लिहिलेली, एकाच बाजूनं निघणारी चकती हातात दिली की त्याला बघायची जागा कळते.

कापून झालेल्या थप्पीचं काय

फेकू नका. नुसत्या टांगायच्या चांदण्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. थरांच्या क्रमानं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत टांगल्या तर मुद्दाम केल्यासारख्या वाटतात. खाच अरुंद झाली असेल तर २ मिमीच्या पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून दोन्ही भिंती सारख्या घासा, प्रत्येक भिंतीला पाच-सहा हात, आणि मध्ये मध्ये बसवून बघा. एकाच भिंतीला घासलं तर चांदणी तिरकी उभी राहते. खाच सैल असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून आत भरा, वाळू द्या आणि मग पुन्हा कापा. कोड्याचे तुकडे वरून निघत नसतील तर अख्खं कोडं उलटं करून मागची बाजू रंगवा. मी एकदा तसंच करून दिलंय, आणि ज्याला दिलं त्याला अजून माहीत नाही.